पनवेल: रूळ की रस्ता? मालवाहतुकीची दोनशे वर्षे आणि सरकारी हमीचा इतिहास

१/
कोकणातून घाट चढून देशावर जाणारा माल कोणत्या वाटेने जातो, यावर पनवेलचे नशीब गेली दोनशे वर्षे फिरत आले आहे. आधी बैलांचे तांडे होते, मग बैलगाड्या आल्या. नंतर पनवेलला वळसा घालून आगगाडी गेली आणि आज कंटेनर ओढणारे ट्रेलर धावत आहेत. वरवर ही तंत्रज्ञानाच्या प्रगतीची सरळ गोष्ट वाटते. परंतु प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारला, तर चित्र बदलते: सरकारने कुणाच्या भांडवलाची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली? हाच धागा धरून १८३० पासून आजपर्यंत येऊ. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचा. 🧵

२/
प्रथम भूगोल. मुंबई हे बेट, पुणे सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे आणि मध्ये पनवेलची खाडी. भरतीच्या पाण्यावर मचवे आणि पडाव गाढी नदीच्या मुखातून पनवेल बंदराला लागत. पुढे खोपोलीमार्गे बोरघाट चढायचा. मीठ आणि सुकी मासळी वर जाई, धान्य आणि कापूस खाली येई. घाटात चाकाची गाडी चालत नव्हती. त्यामुळे सगळी भिस्त लमाण-वंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांवर होती. बैलाच्या पाठीवर मावेल तेवढाच माल न्यायचा, ही त्या व्यापाराची मर्यादा होती.

३/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्याची छावणी मुंबईशी जोडणे ही कंपनी सरकारची लष्करी निकड झाली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. पनवेल ते पुणे हा चाकाचा मार्ग प्रथमच अखंड झाला. हा रस्ता कोणा व्यापाऱ्याने बांधला नव्हता, त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून आले होते. रस्ता सरकारचा आणि गाडी गाडीवानाची, ही विभागणी तेव्हा कुणाला फार महत्त्वाची वाटली नसावी. पण पुढच्या साऱ्या कथेची ती गुरुकिल्ली आहे, म्हणून लक्षात ठेवा.

४/
रस्ता झाल्यावर गुंतवणूक कुठे वळली ते पाहा. १८३० च्या दशकात सोलापूर भागातल्या टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड याने सुधारित बैलगाड्यांचा कारखाना काढला. दगडी किंवा भरीव लाकडी चाकांच्या जुन्या अवजड गाड्या मागे पडू लागल्या. पनवेल तर गाडीची चाके घडवण्यासाठी नावाजले. सुतार, लोहार, गाडीवान, दलाल आणि धान्याचे व्यापारी असे सारे गाव घाटाच्या वाहतुकीवर उभे राहिले. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, इतक्या लवकर तो मान फार थोड्या गावांना मिळाला. सरकारने एक रस्ता बांधला आणि त्याच्या आधारावर शेकडो लहान माणसांनी आपली पुंजी गाडी-बैलांत घातली.

५/
त्याच सुमारास दुसरी योजना आकार घेत होती. १८४५ पासून मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी मंडळी रेल्वेसाठी खटपट करत होती. भांडवल मात्र लंडनला उभे राहायचे होते आणि अनोळखी देशातल्या रुळांत पैसे घालायला तिथले भागधारक कचरत होते. १७ ऑगस्ट १८४९ च्या कराराने ही अडचण सुटली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला पहिल्या प्रायोगिक मार्गासाठी ५ लाख पौंड उभारायचे होते. त्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली आणि जमीनही फुकट दिली.

६/
ही हमी म्हणजे नेमके काय? रेल्वेला नफा झाला नाही, तरी भागधारकाला ५ टक्के मिळणारच. तूट भरून निघणार हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेरीस शेतसारा भरणाऱ्या रयतेकडून. रस्त्यांना असे काही कवच नव्हते. त्यांचा पैसा दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून यायचा. दुष्काळ पडला, लढाई निघाली की पहिली कात्री तिथेच लागायची. एका साधनाला ९९ वर्षांच्या करारांची निश्चिंती होती, तर दुसऱ्याला वर्षावर्षाची अनिश्चितता. भांडवल कुणीकडे धावेल, हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही.

७/
आता पनवेलच्या दृष्टीने कळीचा निर्णय. पुण्याकडे जाणारे रूळ जुन्या गाडीरस्त्याने, म्हणजे पनवेलहून का गेले नाहीत? कारण रेल्वेला फक्त पुणे गाठायचे नव्हते. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस आणण्यासाठी थळघाटाकडेही जायचे होते. ठाण्याची खाडी ओलांडून एकच मार्ग कल्याणपर्यंत न्यायचा आणि तिथून दोन घाटांकडे दोन फाटे फोडायचे, ही रचना सोयीची ठरली. १८५३ मध्ये ठाणे, १८५४ मध्ये कल्याण आणि १८५६ मध्ये खोपोली असे रूळ पुढे सरकले. पनवेल बाजूला राहिले.

८/
उरला बोरघाट. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या चढावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधावे लागले. चढ होता ३७ फुटांस १ फूट. १८६१ च्या सुमारास या कामावर ४२ हजारांच्या आसपास मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी किती बळी घेतले, याची मोजदाद नीट झालीच नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचा मार्ग खुला झाला. व्याजाची हमी नसती, तर इतके अवघड काम खासगी भांडवलाने हाती घेतले असते का, ही शंकाच आहे.

९/
पनवेलवर परिणाम तत्काळ झाला. देशावरचा माल आता होडी आणि गाडी अशी अदलाबदल न करता थेट मुंबईच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागला. आसपासच्या तालुक्यांचा भात, मीठ, लाकूड एवढा स्थानिक व्यापार बंदराकडे उरला, पण दख्खनचे दार म्हणून असलेले महत्त्व गेले. रस्ता जागच्या जागी होता, बैल होते, चाके घडवणारे हातही होते. फक्त सरकारचे पाठबळ दुसऱ्या वाटेकडे वळले होते. पनवेलला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळायला त्यानंतर सुमारे शंभर वर्षे लागली. दिवा-पनवेल मार्ग झाला तो १९६० च्या दशकात.

१०/
या धोरणाची चिकित्सा त्याच काळात मराठी माणसांनी केली होती. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून लिहिणारे गणेश व्यंकटेश जोशी यांचे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही. रेल्वेवरचा हिंदी खर्च म्हणजे प्रत्यक्षात ब्रिटिश उद्योगांना दिलेले अनुदान आहे, असा त्यांचा मुद्दा होता. रूळ, इंजिने, व्याज हे सारे विलायतेला जाते, असा तो हिशेब. भाड्याचे दरही बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला झुकते माप देणारे आहेत, ही तक्रार पुढे अनेकांनी केली. रेल्वे चांगली की वाईट एवढ्यावर हा वाद थांबत नव्हता. तिची जोखीम कुणी उचलली आणि लाभ कुणाला झाला, हे विचारणारा तो वाद होता.

११/
पहिल्या महायुद्धानंतर मोटार आली आणि पारडे हलू लागले. रस्ते प्रांतांकडे सोपवलेले, प्रांतांच्या तिजोऱ्या रिकाम्या. १९२७ मध्ये केंद्र सरकारने एक रस्ते समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. लांब पल्ल्याचे रस्ते हे एकट्या प्रांतांना पेलणारे काम नाही, असे या समितीने मांडले आणि पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवण्याची शिफारस केली. १९२९ मध्ये असा रस्तानिधी अस्तित्वात आला. ‘इंधनावरचा कर रस्त्यासाठी’ ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी कल्पना या देशात येथून रुजली.

१२/
मात्र तोवर सरकार स्वतःच रेल्वेचे मालक झाले होते. १९०० मध्ये जीआयपीची मालकी सरकारकडे आली, १९२५ मध्ये व्यवस्थापनही. अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ मध्ये रेल्वेचे अंदाजपत्रक वेगळे झाले, आणि रेल्वेने सर्वसाधारण तिजोरीला ठरावीक रक्कम द्यायची हा दंडकही आला. मग महामंदी आली. माल घटला आणि उरलेल्यातला काही लॉरी पळवू लागली. सरकारला आपले भांडवल धोक्यात दिसले. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाने रेल्वे आणि रस्ते यांच्या स्पर्धेचा अभ्यास केला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रकच्या फिरण्याला परवान्याची चौकट घातली.

१३/
त्या वर्षांतला एक विरोधाभास मला फार बोलका वाटतो. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी पुढील वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार केला. तो ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग ही आजची वर्गवारी त्यातूनच स्थिरावली. १९४५ मध्ये त्याच सरकारने एक नियमावली काढून ट्रकना साधारण ७५ मैलांच्या पल्ल्यात रोखण्याचे धोरण आखले. त्यापलीकडचा माल शक्यतो रेल्वेचा. एका हाताने लांब रस्ते आखायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांवरून लांब जायला मनाई करायची!

१४/
स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यात आणखी एक फाटा फुटला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली, मालवाहतूक मात्र खासगी ट्रकमालकांकडेच राहिली. त्यातले बहुतेक एक-दोन गाड्यांचे धनी. हप्त्याने ट्रक घ्यायचा, रस्ता सरकारचा वापरायचा. रेल्वेला मात्र रूळ, पूल, सिग्नल, स्थानके, इंजिने आणि वाघिणी यांचा सारा खर्च आपल्याच हिशेबात दाखवायचा होता. शिवाय सरकारी भांडवलावर लाभांशही भरायचा होता. तो लाभांश २०१७ मध्ये रेल्वे अंदाजपत्रकाचे विलीनीकरण होईपर्यंत चालू राहिला. १८३० ची ती विभागणी आठवली का?

१५/
दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, १९५६ नंतर, पोलाद आणि कोळशाची वाहतूक इतकी वाढली की रेल्वेची दमछाक झाली. वाघिणी मिळेनात, माल आठवडे पडून राहू लागला. १९५९ मध्ये मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ट्रकवरची बंधने सैल करण्याचा आग्रह धरला. बंधने हळूहळू सुटत गेली. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना योजना आली आणि १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने वाट आणखी मोकळी केली. रेल्वे जो माल उचलू शकत नव्हती तो ट्रककडे गेला, आणि एकदा गेलेला व्यापारी परत फिरला नाही.

१६/
निकाल आकड्यांत पाहा. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीत, वजन आणि अंतर दोन्ही धरून, रेल्वेचा वाटा सुमारे ८९ टक्के होता. राष्ट्रीय रेल्वे योजनेच्या मसुद्याने अलीकडचा वाटा २७ टक्के धरला आहे. या घसरणीत दराचा मोठा हात आहे. प्रवासी भाडे वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून ती तूट मालाच्या भाड्यातून भरून काढण्याची पद्धत पडली. लोकलचा पास स्वस्त राहिला, त्याची काही किंमत मालधक्क्यावरच्या व्यापाऱ्याने मोजली. त्याला पर्याय होता. तो ट्रककडे गेला.

१७/
दुसरे कारण कमी चर्चिले जाते. पूर्वी एखादा व्यापारी एक वाघीणभर माल नोंदवू शकत असे. अशा सुट्या वाघिणी यार्डात जोडत-तोडत न्यायला वेळ आणि मनुष्यबळ फार लागे. १९८० च्या दशकापासून रेल्वेने संपूर्ण गाडी एकाच मालाने भरून एकाच ठिकाणी नेण्यावर भर दिला. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, धान्य यांना हे उत्तम. पण चाळीसेक वाघिणी म्हणजे दोन-अडीच हजार टन माल एका वेळी कोणता किराणा व्यापारी देणार? रेल्वेचा कारभार कार्यक्षम झाला, पण लहान गिऱ्हाईक तिने आपणहून रस्त्याला देऊन टाकले.

१८/
पुन्हा घाटाकडे येऊ. १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्ग विजेवर आला. मालगाड्या ओढणाऱ्या त्या जुन्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. पण चढ तोच राहिला. आजही कर्जतला मालगाडीला जादा बँकर इंजिने जोडावी लागतात. म्हणजे १८६३ च्या आखणीची मर्यादा रेल्वे आजही सोसत आहे. त्याच डोंगरातला रस्ता मात्र नव्याने आखला गेला, त्याला बोगदे मिळाले आणि सहा मार्गिकाही मिळाल्या. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक एक टन माल रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी इंधनात ओढते. तरी नवे भांडवल रस्त्याला का मिळाले?

१९/
त्यासाठी पनवेलच्या पुनर्जन्माकडे पाहावे लागते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. मुंबईतला लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीला हलवण्यात आला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १८६३ मध्ये बाजूला पडलेले गाव पुन्हा मालाच्या वाटेवर आले. याची किंमत कुणी दिली, हेही नोंदवले पाहिजे. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि १६-१७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. रूळ असो वा रस्ता, गुंतवणुकीची पहिली जोखीम जमीनधारक उचलतो. त्याला कुणी हमी देत नाही.

२०/
आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. गंमत अशी की १९९० मध्ये या रस्त्याच्या व्यवहार्यतेचा अभ्यास ज्या संस्थांकडे सोपवला गेला, त्यांत रेल्वेचीच ‘राइट्स’ ही संस्था होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री होते नितीन गडकरी. महामंडळाने बाजारातून रोखे विकून पैसा उभारला आणि त्या रोख्यांमागे राज्य शासनाची हमी होती. कळंबोलीपासून देहूरोडपर्यंतचा सुमारे ९४ किलोमीटरचा मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. खर्च सुमारे १,६३० कोटी रुपये.

२१/
येथे क्षणभर थांबा आणि पाचवे पोस्ट पुन्हा वाचा. १८४९ मध्ये लंडनच्या भागधारकाला सरकारने जे सांगितले, जवळजवळ तेच १९९० च्या दशकात मुंबईच्या रोखेधारकाला सांगितले: तुमचे पैसे बुडणार नाहीत. फरक इतकाच की तेव्हा हमी रुळांमागे होती आणि पनवेल हरले. आता हमी रस्त्यामागे होती आणि पनवेल जिंकले. दोन्ही वेळा घाट तोच होता. बदलली होती ती सरकारची सही.

२२/
याच दशकात पनवेलच्या दक्षिणेला उलट प्रयोग चालू होता. रोह्यापुढे मंगळूरकडे जाणारी कोकण रेल्वे. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या पाठपुराव्याने १९९० मध्ये वेगळे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधून २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाला. खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी, त्यातला मोठा भाग करमुक्त रोख्यांच्या कर्जाचा. त्या कर्जाचे व्याज पुढे वर्षानुवर्षे या लहानशा महामंडळाच्या मानेवर बसले. त्याच्या समांतर जाणारा महामार्ग मात्र केंद्राच्या निधीतून रुंदावत होता. अखेर २०२५ मध्ये भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्रानेही संमती दिली.

२३/
कोकण रेल्वेने स्पर्धेवर शोधलेला तोडगा मात्र पाहण्यासारखा आहे. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे, चालकाने आपल्याच केबिनमध्ये विश्रांती घ्यायची आणि पुढे उतरून दारापर्यंत माल पोचवायचा. घाटवळणांचे डिझेल वाचते, टायर वाचतात, अपघात टळतात. लांबचा पल्ला रुळावर आणि शेवटचा मैल रस्त्यावर, अशी ही विभागणी. देशाचे धोरण अशा विभागणीला पूरक असते, तर कोलाड हा अपवाद राहिला नसता.

२४/
धोरण कसे होते? १९९८-९९ मध्ये पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे १ रुपया उपकर आला आणि २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने त्याची वाटणी ठरवली. जयकरांची कल्पना सत्तर वर्षांनी भक्कम झाली. रेल्वेलाही त्यात लहानसा वाटा होता. पण तो रुळांवरून जाणारे रस्त्यांचे पूल आणि फाटकांची सुरक्षितता यांसाठी. स्वित्झर्लंडने त्याच सुमारास वेगळा मार्ग धरला. २००१ पासून तेथे अवजड ट्रकवर अंतर आणि वजनानुसार शुल्क बसले, आणि त्यातला मोठा हिस्सा आल्प्समधल्या रेल्वे बोगद्यांकडे गेला. ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा २०१६ मध्ये उघडला. डोंगर त्यांच्याकडेही होता. डिझेलचा पैसा मात्र त्यांनी दुसरीकडे वळवला.

२५/
आपल्याकडे काहीच झाले नाही, असे मात्र नाही. २००६ मध्ये कंटेनर गाड्या चालवण्याची मुभा खासगी कंपन्यांना मिळाली. त्याच वर्षी समर्पित मालवाहतूक मार्गांसाठी महामंडळ स्थापन झाले. दादरीहून न्हावा-शेव्याला येणारा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम मार्ग जपानी कर्जातून उभा राहिला. पण त्याचा वैतरणा ते जेएनपीटी हा आपल्याकडचा सुमारे शंभर किलोमीटरचा तुकडा सर्वांत शेवटी उरला. दरम्यान बंदरातल्या कंटेनरांपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी रुळावरून जाऊ लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, तो केवळ रस्त्याचा. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पागोटे ते चौक या सुमारे २९ किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला मंजुरी दिली. खर्च सुमारे ४,५०० कोटी.

२६/
ट्रकला खलनायक ठरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. दारातून दारात माल नेण्याची सोय रेल्वेजवळ नाही. एका ट्रकच्या भरवशावर उभे राहिलेले संसार पनवेल तालुक्यात कमी नाहीत. कळंबोलीचा बाजार ट्रकशिवाय एक दिवस चालणार नाही. पण ‘लोकांनी रस्ता निवडला’ हे वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने सहज स्वीकारू नये. निवड होण्याआधी एका वाटेचा पाया सार्वजनिक पैशाने घातला गेला होता आणि दुसरीने आपला पाया भाड्यातून भरून काढायचा होता. १८६३ मध्ये हेच उलट्या दिशेने घडले, तेव्हाही ‘लोकांनी रेल्वे निवडली’ असेच म्हटले गेले असणार.

२७/
२०३० पर्यंत रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट रेल्वे योजनेच्या मसुद्यात आहे. ते गाठले जाईल की नाही, हे भाषणांवरून कळणार नाही. इंधनावरचा कर कुठे जातो, कुणाच्या रोख्यांवर शासनाची सही आहे, प्रवासी भाड्याची तूट कोण भरतो आणि वैतरण्याचा तुकडा आधी पुरा होतो की चौकचा महामार्ग, या चार गोष्टींकडे लक्ष ठेवा. पनवेलच्या पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास त्यांतून लिहिला जाणार आहे.

थ्रेड समाप्त. तुमच्या गावात बंद पडलेला मालधक्का, जुने बंदर किंवा गाडीतळ असेल, तर त्याचे नाव आणि तो साधारण केव्हा ओस पडला ते खाली लिहा. त्यामागचा सरकारी निर्णय आपण मिळून शोधू.